प्राचीन रोमच्या राजघराण्यावरील ‘आय, क्लॉडियस’ या बीबीसीच्या मालिकेत लिव्हियाची भूमिका करणारी अभिनेत्री कोण? तिच्याविषयी सांगाल का?

त्या अभिनेत्रीचे नाव शान फिलिप्स. इंग्रजी स्पेलिंग पाहून अनेक जण ते ‘सियान’ असे वाचतात. परंतु वेल्श भाषेत त्यातल्या ‘Si’ या अक्षरांचा उच्चार ‘श’ असा होतो, आणि या बाईंच्या बाबतीत उच्चाराची गोष्ट किरकोळ मानता येणार नाही. १४ मे १९३३ रोजी दक्षिण वेल्समध्ये, कोळशाच्या खाणींच्या मुलखात त्यांचा जन्म झाला. लहानपणी त्यांच्या तोंडी केवळ वेल्शच होती. इंग्रजी त्या पुढे रेडिओ ऐकून शिकल्या. आइस्टेद्वोद या वेल्श भाषेच्या राष्ट्रीय महोत्सवात त्यांनी अकराव्या वर्षी बक्षीस मिळवले आणि त्याच सुमारास बीबीसीच्या रेडिओवर त्यांचा आवाज ऐकू येऊ लागला. पुढे कार्डिफला पदवी घेऊन त्या शिष्यवृत्तीवर लंडनच्या ‘राडा’ या नाट्यसंस्थेत दाखल झाल्या.

हे एवढ्यासाठी सांगितले, की आवाज हेच त्यांचे खरे भांडवल आहे असे माझे ठाम मत आहे. तुम्ही पाहिलेल्या १९७६ च्या मालिकेतलाच प्रसंग आठवा. लिव्हियाचा नवरा, सम्राट ऑगस्टस, मृत्युशय्येवर आहे, कॅमेरा बराच वेळ त्याच्या चेहऱ्यावरून हलत नाही, आणि लिव्हिया आपल्याला दिसतच नाही. ऐकू येतो तो फक्त तिचा शांत, समजावणीचा स्वर. ज्या बाईने नवऱ्यावर विषप्रयोग केला तीच त्याच्याशी संसारातल्या तक्रारी बोलावे तशी बोलत राहते. मग बाहेर पडताना ती मुलाला सहज सांगून जाते, की अंजिरांना हात लावू नकोस; विष त्यांतच असते. या प्रसंगी मी दर वेळी श्वास रोखून बसतो. या भूमिकेसाठी त्यांना १९७७ मध्ये ‘बाफ्टा’ हा ब्रिटिश चित्रपट-दूरचित्रवाणी पुरस्कार मिळाला.

त्यांच्यावरचे बहुतेक लेख त्यांचे पूर्वीचे पती, अभिनेते पीटर ओ’टूल यांच्यापासून सुरू होतात, ते मला अन्यायाचे वाटते. १९५९ मध्ये झालेले ते लग्न १९७९ मध्ये मोडले. त्यांना दोन मुली. या काळाविषयी त्यांनी आत्मचरित्राच्या दुसऱ्या खंडात स्वतःच लिहिले आहे, तेव्हा ते त्यांच्याच शब्दांत वाचावे.

घटस्फोटानंतर त्यांनी जे केले ते मला फार मोठे वाटते. सत्तेचाळिशीच्या उंबरठ्यावर, १९८० मध्ये, ‘पॅल जोई’ या संगीतिकेद्वारे त्या संगीत रंगभूमीवर उतरल्या, आणि ज्या वयात इतर नट्या हळूहळू मागे सरतात त्या वयात त्यांनी गाण्याची एक सबंध नवी कारकीर्द उभी केली. जर्मन-अमेरिकन अभिनेत्री व गायिका मार्लेन डीट्रिच यांच्यावरील ‘मार्लेन’ हे नाटक त्यांनी लंडनमध्ये गाजवले, मग न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरही केले, आणि १९९९ मध्ये त्यासाठी त्यांना ‘टोनी’ या अमेरिकी नाट्यपुरस्काराचे नामांकन मिळाले. पडद्यावर १९८४ च्या ‘ड्यून’ या विज्ञानपटातील रेव्हरंड मदर ही भूमिका त्यांचीच. २०१६ मध्ये त्यांना ‘डेम’ हा ब्रिटिश किताब मिळाला.

मालिका पुन्हा पाहणार असाल तर म्हाताऱ्या लिव्हियाचा भाग सावकाश पाहा. आयुष्यभराच्या पापांमुळे मेल्यावर नरकयातना भोगाव्या लागतील या धास्तीने ती पुढे सम्राट होणाऱ्या नातू क्लॉडियसला जेवायला बोलावते आणि मेल्यावर आपल्याला देवी म्हणून जाहीर करण्याचे वचन मागते. इतक्या जणांचा जीव घेतलेल्या बाईची तेव्हा मला दया आली, आणि ती आली ती शानबाईंच्या थकलेल्या, खरखरीत आवाजामुळे.