मरत होता, मेला, मेलेला आहे

प्रश्न : संस्कृत झाल्यावर आता ग्रीक शिकतो आहे. ग्रीकचा इम्परफेक्ट म्हणजे संस्कृतचा लङ्, एओरिस्ट म्हणजे लुङ्, परफेक्ट म्हणजे लिट् (ही तिन्ही संस्कृतात भूतकाळाची रूपे) असे धरून चालतो, पण उतारा लागत नाही. कुठे चुकते? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : रूपांचे नाते बरोबर आहे, अर्थाचे नाही. पाणिनीचा लङ् अनद्यतन, म्हणजे आजच्या आधीचा. लिट् तर परोक्षही, म्हणजे बोलणाऱ्याने स्वतः न पाहिलेला. ग्रीकला आज-कालशी देणेघेणे नाही. क्रिया चालू दाखवायची (इम्परफेक्ट), एकसंध घडलेली (एओरिस्ट), की तिच्यातून उरलेली स्थिती (परफेक्ट), एवढेच ती विचारते. इथे संस्कृतपेक्षा मराठी कामाला येते. 'अपेथ्नेस्के' मरत होता, 'अपेथाने' मेला, 'तेथ्नेके' मेलेला आहे. शेवटचे भूतकाळाचे नव्हेच, आजची स्थिती सांगते.

सोलापुरातल्या मागावर बघा. 'हुफाइने' म्हणजे विणत होता, किंवा रोज विणी; 'हुफेने' म्हणजे विणले, कापड मागावरून उतरले. इम्परफेक्टात काम तडीस गेल्याची हमी नसते. 'एपेइथोन' म्हणजे मी पटवत होतो, पटले की नाही कोण जाणे. 'एपेइसा' म्हणजे पटवले. उतारे बहुधा इथेच अडतात.

ओळखायचे कसे? आधी 'ए' हा आगम, म्हणजे भूतकाळासाठी धातूच्या आधी लागणारे अक्षर, काढा. 'एलेइपोन'मध्ये 'लेइप्' (सोडणे) उरते, ते वर्तमानाचे अंग, म्हणजे प्रत्यय ज्याला लागतात तो भाग, म्हणून इम्परफेक्ट. 'एलिपोन'मध्ये नुसते 'लिप्', म्हणून एओरिस्ट. परफेक्टला द्वित्व, म्हणजे धातूच्या पहिल्या व्यंजनाची पुनरावृत्ती: 'लेलोइपा', संस्कृत 'रिरेच'चे सख्खे भावंड. उपसर्ग असेल तर आगम त्याच्या मागे लपतो (अप्-ए-थाने), प्राविशत्‌सारखा. धातू स्वराने सुरू होत असेल तर 'ए' त्या स्वरात मुरून तो दीर्घ करतो: 'आगो'चे (नेतो) 'एगोन'.

आणि हा आगम फक्त स्वार्थात, म्हणजे साधे विधान करणाऱ्या रूपांत, लागतो. आज्ञार्थी 'लूसोन' म्हणजे 'सोड'. अंग एओरिस्टचे, पण भूतकाळ औषधालाही नाही. नवलही नाही: गीतेतल्या 'मा शुचः' (शोक करू नकोस) मधला आगमहीन लुङ् तरी कुठे भूतकाळ दाखवतो? आज्ञार्थाला 'ए' चिकटवणे ही नवशिक्यांची हमखास चूक.

प्रश्न : 'ओइदा' परफेक्ट असून अर्थ 'मला ठाऊक आहे' कसा?

उत्तर : पाहिले आहे, म्हणून ठाऊक आहे. द्वित्वही नाही. संस्कृतात 'वेत्ति'च्या (जाणतो) जोडीने त्याच अर्थाचे जे 'वेद' तुम्ही घोकले, तेच हे.