‘पोट्टे हसतील ना, मॅडम!’

जूनअखेर विदर्भातल्या शाळा उघडल्या की माझ्याकडे समुपदेशनासाठी शिक्षकांचे फोन वाढतात. गाऱ्हाणं बहुधा एकच असतं. वर्गात स्मार्ट बोर्ड आला, बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक ॲपवरचा व्हिडिओ दाखवायचा, आणि नेमकं मुलांसमोरच काहीतरी अडतं. २०२०मध्ये, करोनाकाळात, सगळेच चाचपडत होते, तेव्हा लाज वाटली नाही. आता वाटते.

नागपूरच्या महाल भागातल्या एका गणिताच्या बाई अशाच आल्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). वय पन्नाशीपुढचं. स्वेच्छानिवृत्तीचा अर्जही लिहून ठेवलेला.

‘‘मला हे जमूनच नाही राहिलं, मॅडम. पोट्टे हसतात.’’

‘‘हसले तर काय होईल?’’

‘‘इतकी वर्षं वर्गात सगळं मलाच येत होतं...’’

पुढे त्या बोलल्याच नाहीत. मीही घाई केली नाही. अडचण बोर्डाची नव्हतीच; वर्गातली आपली जागा जाईल, ही भीती होती. मशीन शिकवणारे प्रशिक्षक इथेच चुकतात. ते बटणं समजावत बसतात.

काही भेटींनंतर मी विचारलं, ‘‘समीकरणात पोरगा कुठे चुकणार, हे तुम्हाला कधी कळतं?’’

‘‘त्यानं पेन टेकवायच्या आधी! पद पलीकडे नेताना चिन्ह बदलायचं विसरणार, हे चेहऱ्यावरच दिसतं.’’

‘‘व्हिडिओला दिसतं?’’

बाई थांबल्या. मग पहिल्यांदाच मोकळं हसल्या. ‘‘त्याला कुठून दिसणार! तिथे मलाच थांबवावा लागेल तो.’’

त्या क्षणी त्यांना त्यांचं काम परत मिळालं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५पासून मांडलेला विचार मी मानते: कृती चुकली म्हणून माणूस कमी ठरत नाही. पण हे तोंडी सांगून उतरत नाही. माणसाला आपल्याच कामात ते दिसावं लागतं. ते दाखवता येणं हीच माझ्या कामाची कमाई.

तुम्हीही याच धास्तीत असाल, तर महिनाभर एकच धडा, एकच व्हिडिओ घ्या. शाळेतल्या नेटवर विसंबू नका, घरीच डाउनलोड करून एकदा चालवून पाहा. दोन मिनिटांनी थांबवा आणि विचारा, ‘‘पुढची पायरी कोण सांगतं?’’ जोडणीचं काम मागच्या बाकावरच्या एखाद्या पोराला द्या. त्याचाही मान वाढतो. व्हिडिओ घरी बघायला सांगताना आधी विचारा, घरात फोन किती आणि तो संध्याकाळी कोणाकडे असतो. बाबांबरोबर कामावर जाणाऱ्या फोनवर गृहपाठ कसा व्हायचा?

मुख्याध्यापकांनाही कळकळीची विनंती आहे. सरावाला रिकामा वर्ग द्या, सगळ्या स्टाफसमोर प्रात्यक्षिक करायला लावू नका. आणि पहिल्या तिमाहीत तरी ‘किती व्हिडिओ दाखवले’ याचा तक्ता मागू नका.