परमिट रूममध्ये टेस्टिंग ठेवताय? आधी अगरबत्ती विझवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वेंगुर्ल्याजवळची वडिलांची जुनी परमिट रूम आता तुम्ही नवराबायको चालवता. फेब्रुवारीत जोडप्यांसाठी एक संध्याकाळ ठेवायची आहे. आधी चार दारूंचं टेस्टिंग, मग रोमँटिक कॉकटेल. बाटल्या कुठल्या आणू, कॉकटेल कुठली करू, आणि फेणी ठेवता येईल का?

मी 17 वर्षं गोव्यात हॉटेलांच्या बारमागे उभा होतो, आता मालवणात चुलतभावाच्या परमिट रूमवर बसतो. अशा पाच संध्याकाळी आम्ही करून बसलोय. पहिली सपशेल फसली, म्हणून बाटल्यांच्या आधी तिच्याबद्दल सांगतो.

नऊ जोडप्यांनी नावं दिली होती. आली चार. बाकी पाच नवरे एकटेच आले आणि नेहमीच्या कोपऱ्यात नेहमीचा क्वार्टर घेऊन बसले. मी दारूला दोष देत होतो, जिन कोणाला कळत नाही वगैरे. वहिनीने मला दोन वाक्यांत गप्प केलं. म्हणाली, पानाच्या टपरीसमोरून आत शिरताना दहा माना वळतात, आत आणखी वीस. आणि तुमच्या बाथरूमला कडी नाही. तिथे कोण नटून येणार?

दुसऱ्या वेळी आम्ही जोडप्यांना खानावळीच्या बाजूच्या दाराने आत घेतलं. साडेआठपर्यंत नेहमीच्या गिऱ्हाइकांना बाहेरच्या पडवीत बसवलं (एक दिवस त्यांची कुरकुर ऐकावी लागते, ऐकून घ्या). प्लायवूडचे आडोसे काढले, ट्यूबलाइट बंद करून पिवळे बल्ब लावले, बाथरूमला कडी, बादली, आरसा. सगळा खर्च दोन चांगल्या बाटल्यांएवढा. नऊपैकी आठ जोडपी आली. तुमची मंडळी गल्ल्यावर बसणार असतील तर अर्धं काम तिथेच झालं. बाईमाणूस समोर दिसलं की आत येणारीचा जीव थाऱ्यावर येतो.

आता वास. टेस्टिंग म्हणजे तीन हिस्से नाक आणि एक हिस्सा जीभ. आपल्याकडे मात्र संध्याकाळी धंद्याला सुरुवात होते ती फिनेलने लादी पुसून आणि देवाच्या फोटोसमोर अगरबत्ती ओवाळून. त्यात मागे तव्यावर बांगडा पडला की समोर कितीही महागडी व्हिस्की ठेवा, माणसाला बांगडाच लागणार. त्या दिवशी लादी सकाळी साध्या पाण्याने पुसा. दिवा लावा, अगरबत्ती नको. सहा ते सव्वासात टेस्टिंग, तोवर तवा थंड. टेबलावर साधा पाव, ओल्या खोबऱ्याचे तुकडे, बिनमिठाचे भाजलेले काजू आणि भरपूर पाणी. मासे नंतर, पोटभर.

माप 15 मिली, त्याच्या वर थेंब नको. चार बाटल्यांचे मिळून 60 मिली, म्हणजे एक लार्ज पेग, तोही सव्वा तासात. बारा जोडपी धरली तरी एका बाटलीतून 360 मिली जाते, त्यामुळे प्रत्येकाची एक बाटली पुरून उरते. लोक कुरकुरतील, 'एवढीशीच?' म्हणतील. ओतू नका. आमच्या पहिल्या खेपेला मी 30 ओतले आणि तिसऱ्या ग्लासाला कोणाला कशाचाच वास येईना.

ग्लास खाली फुगीर आणि वर निमुळता हवा. खास टेस्टिंगचे ग्लास नसतील तर छोटे वाइनचे चालतील. सरळ पेल्यातून वास उडून जातो. ग्लास आधी हनुवटीशी धरायला सांगा, मग हळूहळू वर, तोंड किंचित उघडं ठेवून. वाइनसारखा गरागरा फिरवला तर नुसती स्पिरिटची झणझण नाकात जाते. पहिला घोट जिभेला सवय व्हावी म्हणून, चव दुसऱ्या घोटाची धरायची. मग चमचाभर, म्हणजे 5 मिली पाणी घाला: 42.8 टक्क्यांची दारू 32 वर येते आणि दबलेले वास बाहेर पडतात. हा 42.8 आकडा आपल्या बहुतेक बाटल्यांवर का असतो हेही सांगा, लोकांना आवडतं. जुन्या ब्रिटिश मोजणीत 100 प्रूफ म्हणजे साधारण 57.1 टक्के, त्याचे पाऊण, म्हणजे 75 प्रूफ, धरले की 42.8 येतात. साहेब गेला, त्याचं माप बाटलीवर राहिलं.

बाटल्या मी अशा लावीन: जिन, नेहमीची व्हिस्की, सिंगल माल्ट, शेवटी काळी रम. हलक्याकडून जडाकडे. लेबलांवर कागद गुंडाळा.

जिनमध्ये जुनिपर हवाच. त्याचा वास राळेच्या, देवदाराच्या अंगाने जातो. तो ओळखता आला की पुढची लिंबाची साल, धणे, वेलची आपोआप सापडत जातात. खरी गंमत दुसऱ्या-तिसऱ्या ग्लासात आहे. आपण जी रोज व्हिस्की म्हणून पितो तिच्यातल्या बऱ्याच ब्रँडांत मळीपासून काढलेलं स्पिरिट असतं. मळी म्हणजे साखर कारखान्यातली, रमही तिचीच. सिंगल माल्ट फक्त मोड आणलेल्या जवाची, एकाच डिस्टिलरीत गाळलेली. दोन्ही शेजारी ठेवल्या की न शिकवता फरक कळतो. आणि मग चौथी रम आली की कोणीतरी हमखास म्हणतं, अरे, दुसरीत हिचीच सावली होती! आमच्याकडे हे ओळखलं ते आयुष्यात पहिल्यांदा ग्लास हातात घेतलेल्या एका काकूंनी. त्यांनी घोट घेतलाच नाही, नुसता वास घेतला: "ह्येका करपल्या गुळाचो वास येता, आणि त्या दुसऱ्याकय थोडो येता." त्यांचे यजमान तीस वर्षं पिणारे, बघतच राहिले.

सिंगल माल्ट आपली घ्या, परदेशी नको. अमृत नावाची सिंगल माल्ट 2004 मध्ये ग्लासगोत बाजारात आली, पॉल जॉन तर इथे शेजारी गोव्यात तयार होते. आपल्या उकाड्यात पिंपातली दारू झपाट्याने मुरते आणि उडतेही झपाट्याने. स्कॉटलंडात वर्षाला दोनेक टक्के उडते, आपल्याकडे दहाच्या आसपास. ज्याला एप्रिलमधली कोकणातली दुपार माहीत आहे त्याला हे समजवावं लागत नाही.

फेणीचं दुखणं वेगळं आहे. आरोंद्याचा पूल ओलांडला की गोवा, त्यामुळे डिकीत चार बाटल्या टाकून आणाव्यात असं तुमच्या मनात आलं असेल. आणू नका. त्यांवर फक्त गोव्यात विक्रीसाठी असं छापलेलं असतं. तुमच्या परवान्यावर तशी बाटली सापडली तर संध्याकाळ राहील बाजूला, परवानाच जाईल. महाराष्ट्रात विक्रीची मंजुरी असलेली बाटली रीतसर पुरवठादाराकडून मिळाली तरच ठेवा, आणि ठेवलीत तर रमच्याही नंतर, कारण फेणीपुढे दुसरं काही टिकत नाही. हुर्राकचं वचन तर देऊच नका. काजूची बोंडं तुडवून रस काढायचा, तो आंबला की पहिल्या भट्टीतून उतरतो तो हुर्राक, साधारण 15 टक्क्यांचा; पुन्हा भट्टीवर चढवला की फेणी. हुर्राकचा खरा मोसम मार्चपासून उन्हाळाभर, आणि तो टिकत नाही.

एक गोष्ट मात्र लोकांना सांगाच. काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं 2009 मध्ये, गोव्याच्या नावावर; 2016 मध्ये गोव्याने तिला वारशाचं पेय ठरवलं. वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7 ही काजूची कलमं तुमच्या गावाच्या नावाने कुठे कुठे लागली आहेत, बी विकली जाते, आणि बोंडांचा सडा बागेत कुजतो. हा विषय काढला की पुढची वीस मिनिटं तुम्हाला बोलावं लागत नाही. आमच्याकडे एक बागायतदार आणि त्यांची बायको यावरून जे भांडले, ते त्या संध्याकाळचं सगळ्यात रंगलेलं जोडपं होतं.

कॉकटेलच्या आधी कायदा, कारण इथे नवे लोक फसतात. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनला वय 21, बाकी दारूला 25. नुकतं लग्न झालेलं 23-24 वर्षांचं जोडपं आलं तर त्यांना जिनची कॉकटेल देता येत नाही. त्यांच्यासाठी नाशिकची स्पार्कलिंग वाइन आणि अमृत कोकम (कोकमाचा गोड पाक) ठेवा, दिसायलाही देखणी. पिण्याचा परवाना प्रत्येकाला लागतो. एक दिवसाचा पाच रुपयांचा असतो, दारातच करून द्या. आणि दारूची जाहिरात चालत नाही, तेव्हा बाटलीचा फोटो टाकून फ्लेक्स लावू नका. फोन करून बोलवा. गावात तसंही फोनवरच कळतं.

रोमँटिक कॉकटेल म्हणजे गुलाबी रंग आणि वर गुलाबाची पाकळी, असं तुम्ही लिहिलंय. पाकळी नको, फुलवाल्याकडच्या गुलाबावर फवारे मारलेले असतात. धूर काढणारा कोरडा बर्फ तर अजिबात नको, पोटात गेला तर इजा करतो. एका ग्लासात दोन स्ट्रॉ सिनेमात बरे दिसतात. आपल्याकडे शेजारच्या टेबलावर तिचे मामा बसलेले असू शकतात.

माझी एकच युक्ती आहे. प्रत्येक कॉकटेल जुळं करायचं: एक दारूचं, एक बिनदारूचं. ग्लास तोच, रंग तोच, बर्फ तेवढाच, भावही जवळपास तोच. कोण काय पितंय हे टेबलाबाहेर कळता कामा नये. कधी ती पिते आणि तो पीत नाही, असंही असतं. तेव्हा तर हे जुळं फारच कामाला येतं. 'तू घेत नाहीस?' हा प्रश्न ज्या टेबलावर कोणी विचारत नाही तिथे जोडपी दोन तास बसतात.

कोकमाचं असं: 30 मिली जिन, 25 मिली अमृत कोकम, 5 मिली लिंबू, बर्फ, वर 100 मिली सोडा. जुळ्यात जिन वगळलं की पेय लुळं पडतं, म्हणून त्यात ओल्या मिरीचे तीन-चार दाणे ठेचून घाला, घशाला तेवढाच चटका. अमृत कोकम आणि आगळ यांत गल्लत होऊ देऊ नका. आगळ मिठाचं, अमृत साखरेचं, बाटल्या दिसायला सारख्या. आमच्या पोराने पहिल्या चार ग्लासांत आगळ ओतलं. एका नवऱ्याने बायकोकडे बघत, हसऱ्या चेहऱ्याने, अख्खा ग्लास संपवला. त्याला वाटलं कॉकटेल असंच लागतं.

दुसरं रमचं: 45 मिली काळी रम, 8 मिली गुळाचा पाक, बर्फावर चमच्याने अर्धा मिनिट ढवळायचं, संत्र्याची साल वरून पिळायची, जायफळ चिमूटभर. हे हलवू नका, ढवळा. हलवायचं ते लिंबूवालं. जुळं म्हणून कोरा काळा चहा, तोच पाक, तेच जायफळ. रंग हुबेहूब.

दोन पुरेत. तिसरं करायचंच तर शहाळ्याचं पाणी आणि जिन, त्याला कृती लागत नाही. सोलकढीत व्होडका मिसळायची टूम सध्या सगळीकडे आहे. नारळाचं दूध ठेवलं की फाटल्यासारखं दिसतं, आणि सोलकढीत लसूण असतो. जोडप्यांच्या संध्याकाळी लसूण तुमच्या जबाबदारीवर.

बर्फ घरी करा, उकळून गार केलेल्या पाण्याचा, स्टीलच्या डब्यांत. मोठा तुकडा हळू वितळतो. बंदरावरचा मासळीचा बर्फ कितीही जवळ असला तरी ग्लासात नाही. न खाण्याचा बर्फ निळा रंगवायचा असा राज्यात 2018 पासून नियम आहे, तो उगीच नाही.

तारीख ठरवताना कालनिर्णय बघा. महाशिवरात्र फेब्रुवारीत आली तर कुणकेश्वरची जत्रा, शिवाय उपास. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख कॅलेंडरात नसते, ती देवीच्या कौलाने ठरते आणि ठरली की अर्धा जिल्हा तिकडे. ती जाहीर झाल्याशिवाय आगाऊ पैसे घेऊ नका. वारही बघा: सोमवार, गुरुवार, शनिवार न खाणारे निम्मे निघतात, आणि मासे न खाणारा माणूस त्या दिवशी पीतही नाही.

घरी जायची सोय तिकिटातच धरा. गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात 100 मिलीला 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर गुन्हा, आणि पहिल्याच वेळी दंड 10,000 रुपये. दोन ओळखीचे रिक्षावाले साडेनऊला दारात उभे ठेवा, त्यांचं जेवण तुमच्याकडे.

सुरंगी फुलली असेल तर तुमच्या भागात त्या दिवसांत तिचे वळेसर, म्हणजे गजरे, मिळतील. ते टेबलावर मांडायचा मोह होईल, पण सुरंगीच्या वासापुढे जिन मुकी होते. कोणी माळून आलंच तर बिचारीला काही बोलू नका, तिला खिडकीशी बसवा. बाकीचे वळेसर ओल्या फडक्यात गुंडाळून गल्ल्यामागे ठेवा, आणि बिलाच्या ताटलीत बडीशेपेच्या वाटीशेजारी एकेक ठेवून पाठवा.