घड्याळदुरुस्ती छंद म्हणून शिकायची आहे. बंद पडलेली जुनी घड्याळं स्वस्तात घेऊन सुरुवात करू का?

बंद घड्याळाने सुरुवात करू नका. चालू स्थितीतलं, शक्यतो कोरं मशीन (घड्याळाच्या आतलं यंत्र) घ्या. बंद घड्याळ खोलून, पुसून, परत जोडलं आणि तरी ते हललं नाही, तर दोष आधीचाच होता की तुमच्या हातून झाला हे नवशिक्याला ओळखता येत नाही. चालू मशीन जोडल्यावर बंद पडलं तर चूक तुमचीच असते आणि ती शोधता येते. जुन्या घड्याळांबद्दल आणखी एक गोष्ट. १९६०च्या दशकापर्यंत अंधारात चमकणाऱ्या काट्यांना आणि आकड्यांना रेडियमचा रंग असायचा. त्याची चमक कधीच गेलेली असते, किरणोत्सर्ग मात्र शिल्लक असतो. असा रंग खरवडू नका आणि त्याची भुकटी फुंकू नका.

मशीन कोणतं, तर ईटीए या स्विस कंपनीचं ६४९७ किंवा ६४९८. मूळ रचना युनिटास या स्विस कंपनीची, व्यास ३६.६ मिमी, हाताने चावी द्यायचं, १७ ज्वेलचं (ज्वेल म्हणजे आसाचं टोक ज्यात फिरतं तो छोटा खडा). सी-गल या चिनी कंपनीचं एसटी ३६ हे त्याच रचनेवर बेतलेलं आहे आणि सरावाला उत्तम. भाग मोठे, तारीख नाही, ऑटोमॅटिकचा रोटर (हाताच्या हालचालीने फिरून चावी देणारं वजन) नाही. लेडीज घड्याळ, क्रोनोग्राफ (स्टॉपवॉच असलेलं घड्याळ) आणि आजोबांची आठवण म्हणून जपलेलं घड्याळ, या तिघांना सध्या हात लावू नका.

पैसे हत्यारांवर खर्च करा. ०.८, १.०, १.२ आणि १.६ मिमीचे स्क्रू ड्रायव्हर, ३ नंबरचा चिमटा, जमल्यास पितळी चिमटाही (तो खरचटे कमी पाडतो), चारपट आणि दहापट भिंग, मशीन धरायचा होल्डर, रबरी फुंकणी, पेगवुडच्या (मऊ लाकडाच्या) काड्या, धूळ टिपायची रोडिको पुटी आणि बोटांना रबरी टोप्या. ड्रायव्हरचं पातं स्क्रूच्या खाचेत पूर्ण रुंदीने बसायला हवं. अरुंद पातं निसटतं आणि ब्रिजवर (चाकं वरून धरून ठेवणाऱ्या पट्टीवर) कायमची रेघ ओढून जातं. स्वस्त संचातली पाती मऊ असतात, म्हणून ती दगडावर घासून सरळ करायला पहिल्याच आठवड्यात शिका. टेबल छातीच्या उंचीला हवं. नेहमीच्या टेबलावर वाकून बसलात तर मान दुखते आणि हातही थरथरतो.

खोलताना सगळ्यात आधी मेन स्प्रिंगचा (चावी दिल्यावर गुंडाळली जाणारी, घड्याळ चालवणारी स्प्रिंग) ताण उतरवा. चावी (बाजूची फिरकी) बोटांत घट्ट धरा, क्लिक (स्प्रिंग उलटी सुटू न देणारा खटका) काडीने बाजूला दाबा आणि चावी बोटांतून हळूहळू उलटी फिरू द्या. ताण असताना पॅलेट फोर्क (चाकांना एकेक दात पुढे सोडणारा छोटा काटा) काढला तर सगळी चाकं सुसाट फिरतात. दात किंवा आसाचं टोक मोडू शकतं. खात्रीसाठी, बॅलन्स (मागे-पुढे झुलणारं चाक) काढल्यावर फोर्कला हलकेच ढकला. तो उडी मारून पलीकडे गेला तर ताण अजून आहे.

बॅलन्स काढताना कॉकच्या (बॅलन्स धरणाऱ्या छोट्या ब्रिजच्या) कडेला दिलेल्या खाचेत पातं घालून तो उचला. चाक हेअरस्प्रिंगला (त्याच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगला) लटकतं. ते अडकलं तर ओढू नका, किंचित डुलवून सोडवा आणि कॉक उलटा ठेवा. पुढे पॅलेट फोर्क, वरची दोन चावीची चाकं, मग ब्रिज. त्या दोन चाकांपैकी क्राउन व्हीलचा स्क्रू बऱ्याच मशीनमध्ये उलट्या आट्याचा असतो. काहींवर खुणेसाठी तीन खाचा असतात. सुटत नसेल तर जोर लावण्याआधी उलट फिरवून बघा. प्रत्येक पायरीचा फोटो काढा आणि स्क्रू त्या-त्या भागासोबत ठेवा, कारण दिसायला सारखे असले तरी लांबीत फरक असतो. स्प्रिंग सोडवताना हात आणि मशीन पारदर्शक प्लास्टिक पिशवीत घाला. उडालेली स्प्रिंग फरशीवर शोधणं म्हणजे संध्याकाळ गेली.

जोडताना खरी परीक्षा चाकांवरच्या ब्रिजची. ब्रिज ठेवा, काडीने अगदी हलका दाब द्या आणि चिमट्याने एकेक आस ज्वेलखाली आणा. सगळी टोकं बसली की ब्रिज आपोआप सपाट खाली येतो. स्क्रू आवळून तो बसवायचा नसतो. सुरुवातीला मोडतोड होते ती नेमकी इथे. पाव-पाव फेरा आवळत, प्रत्येक वेळी चाकं मोकळी फिरतात का बघा. पॅलेट फोर्क लावण्याआधी एक-दोन क्लिक चावी द्या. चाकं सरसर फिरून शेवटी एस्केप व्हील (पॅलेट फोर्कला लागून असलेलं शेवटचं चाक) थोडं उलटं गेलं, तर चाकांची साखळी मोकळी आहे.

पहिल्या काही फेऱ्यांत ना धुणं, ना तेल. हे खोलणं-जोडणं घाबरल्याशिवाय जमलं की मगच तेल घ्या: वेगाने फिरणाऱ्या आसांना मोबियस (घड्याळाच्या तेलाचा ब्रँड) ९०१०, हळू फिरणाऱ्यांना एचपी १३००, पॅलेटच्या दगडांना ९४१५. ज्वेलची वाटी (त्यातला तेलाचा खोलगट भाग) अर्धी भरली की पुरे. जास्त झालं तर तेल पसरून वाटीतून निघून जातं आणि आस कोरडाच राहतो. पॅलेट फोर्कच्या आसांना तेल लावत नाहीत. धुताना फोर्क आणि बॅलन्स अल्कोहोलमध्ये भिजत ठेवू नका. त्यांचे दगड शेलॅकने (लाखेने) चिकटवलेले असतात आणि शेलॅक अल्कोहोलमध्ये विरघळतं. नॅफ्था (लायटरमधलं पेट्रोलसारखं द्रव) चालतं.

टायमिंग मशीन (टिकटिक ऐकून घड्याळाची चाल मोजणारं उपकरण) नंतर घेतलंत तरी चालेल. त्यात ६४९७ साठी लिफ्ट अँगल (मशीनच्या रचनेनुसार भरायचा आकडा) ४४ अंश ठेवा. पूर्ण चावी देऊन तबकडी वर असताना अँप्लिट्यूड (बॅलन्स किती अंशांनी झुलतो ते) साधारण २७० ते ३१० अंश यायला हवा. तो २०० च्या आसपास असेल तर घाण, तेल किंवा नीट न बसलेला ब्रिज तपासा. घड्याळ एकाएकी मिनिटांनी पुढे पळायला लागलं तर हेअरस्प्रिंगची वेटोळी चिकटली आहेत: चुंबकत्वाने, नाहीतर तेलाच्या थेंबाने. डीमॅग्नेटायझर (चुंबकत्व घालवणारं उपकरण) आधी फिरवून बघा, ते काम मिनिटाचं आहे.

यानंतर बंद घड्याळं जरूर घ्या. फक्त घेण्याआधी मशीनचा नंबर बघा आणि त्याचे सुटे भाग मिळतात का ते तपासा. बॅलन्सचा आस मोडला असेल तर तो बदलायला लेथ किंवा स्टेकिंग सेट (आस ठोकून काढायचा-बसवायचा संच) लागतो, म्हणून शक्य असेल तिथे पूर्ण बॅलन्सच मिळेल असं मशीन निवडा.