खनिजं असलेल्या प्रदेशांत सशस्त्र टोळ्या सामान्य माणसांनाच का मारतात? हे वांशिक वैर आहे का? आणि यावर उपाय काय?

वैर आहे, पण काँगोबद्दल जेवढं वाचलं आहे त्यावरून मला वाटतं, तिथले अत्याचार रागातून कमी आणि हिशेबातून जास्त होतात.

1885 ते 1908 या काळात काँगो ही बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची खासगी मालमत्ता होती. जंगली वेलींपासून रबर गोळा करायला कोणी आपणहून जाईना, कारण मोबदला नावापुरताच. मग शिपाई गावातल्या बायकांना ओलीस धरत आणि पुरुषांनी ठरलेलं रबर आणलं की सोडत. काडतूस शिकारीत उडवलं नाही, हे दाखवायला मारलेल्या माणसाचा हात कापून आणावा लागे. हिशेब जुळेना, तेव्हा जिवंत माणसांचेही हात तोडले. एडमंड मोरेल हा जहाज कंपनीतला कारकून. अँटवर्पला रबर आणि हस्तिदंत उतरतं, परतीच्या जहाजांत मात्र मुख्यतः बंदुका आणि दारूगोळा जातो, हे त्याच्या लक्षात आलं. मालाच्या बदल्यात माल जातच नव्हता. ही वेठबिगारी आहे, हे त्याने नुसत्या नोंदींवरून ओळखलं. मला हा पुरावा कुठल्याही साक्षीइतकाच भयंकर वाटतो.

करावर चालणाऱ्या राज्याला रयत जगायला हवी असते. ज्याला पैसा थेट जमिनीतून मिळतो, त्याच्या लेखी तिथला माणूस एक तर फुकटचा मजूर, नाही तर अडथळा. गाव जाळणं, बायकांवर सामूहिक बलात्कार करणं यामुळे माणसं जमीन सोडून पळतात किंवा मुकाट्याने राबतात. पूर्व काँगोत अशा हजारो स्त्रियांवर उपचार करणारे डॉ. डेनिस मुकवेगे (2018 चं शांततेचं नोबेल) बलात्काराला युद्धाचं हत्यार म्हणतात आणि खनिजांच्या लुटीकडे बोट दाखवतात. 2024 मध्ये एम23 या बंडखोरांनी पूर्व काँगोतल्या रुबायाच्या कोल्टन (मोबाइलसारख्या उपकरणांत लागणारं खनिज) खाणी घेतल्या. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांच्या मते तिथल्या कोल्टनच्या उत्पादनावर आणि व्यापारावर लावलेल्या करातून त्यांना महिन्याला सुमारे 8 लाख डॉलर मिळू लागले.

खनिज कसं सापडतं, यावरही बरंच ठरतं. सिएरा लिओनच्या कोनो जिल्ह्यात हिरे नदीच्या गाळात पसरलेले. फावडं आणि चाळणी पुरते. म्हणून आरयूएफ बंडखोरांना (1991–2002) फक्त बंदूक आणि धाकातली माणसं हवी होती. त्यांनीही हात तोडले. त्यांना शस्त्रं पुरवून हिरे घेणाऱ्या लायबेरियाचा माजी राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर याला 2012 मध्ये 50 वर्षांची शिक्षा झाली. बोट्स्वानातले हिरे मोठ्या यंत्रांशिवाय निघत नाहीत, तो पैसा सरकारने शाळा-रस्त्यांत घातला आणि तिथे यादवी झाली नाही. म्हणजे दोष दगडाचा नाही.

आता उपायांबद्दल, कारण तुम्ही तेही विचारलं आहे. 2003 च्या किंबर्ले प्रक्रियेत (हिऱ्यांना प्रमाणपत्र देणारी आंतरराष्ट्रीय व्यवस्था) बंडखोरांना पैसा पुरवणारे हिरेच 'संघर्षाचे हिरे' धरले जातात. 2008 मध्ये झिंबाब्वेच्या मारांगे इथे हिरे खणणाऱ्या गरिबांवर खुद्द लष्कराने गोळ्या झाडल्या. ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेच्या अहवालानुसार 200 हून अधिक माणसं मेली. मारणारे सरकारी होते, म्हणून ते हिरे व्याख्येत बसले नाहीत. काही काळ निर्यात थांबली, 2011 मध्ये परवानगीही मिळाली. ही व्याख्या रुंदावल्याशिवाय त्या प्रमाणपत्रावर मी विश्वास ठेवणार नाही.