राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंत 46 दिवस होतात, मग उपवासकाळ 40 दिवसांचा कसा?

आपण विचारले आहे की राखेच्या बुधवारापासून, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवसापासून, ईस्टर या ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाच्या सणापर्यंत दिनदर्शिकेवर मोजले तर 46 दिवस भरतात, तरी ख्रिस्ती लोक 40 दिवसांचा उपवास का म्हणतात, आणि या दिवसांत उपासनेत नेमका कोणता फरक पडतो. मी कॅथोलिक आहे आणि अनेक वर्षे उपासनेत शास्त्रवाचन करत आलो आहे, त्यामुळे मुख्यतः रोमन परंपरेविषयी लिहितो.

आपली मोजणी बरोबर आहे. त्या 46 दिवसांत सहा रविवार येतात आणि ते उपवासाच्या हिशेबात धरले जात नाहीत, कारण ख्रिस्त रविवारी मरणातून उठला, म्हणून वर्षातला प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचाच दिवस मानला जातो आणि त्या दिवशी उपवास करणे विसंगत ठरते. उरलेले 40 दिवस येशूने अरण्यात केलेल्या उपवासाची आठवण देतात. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळ्या मात्र सोमवारी आरंभ करतात, रविवारही मोजतात आणि पवित्र सप्ताह (ईस्टरआधीचा शेवटचा आठवडा) वेगळा धरतात. त्यांचा आहाराचा नियमही कडक असून मांसाबरोबर दूधदुभतेही वर्ज्य असते. आमच्याकडे उपवासाचे बंधन राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार या दोनच दिवशी, 18 ते 59 या वयातील व्यक्तींवर असते.

परंतु हा काळ केवळ जेवणाच्या नियमांवरून ओळखायचा म्हटले, तर त्यातले सर्वांत सुंदर तेच निसटते. या काळात उपासनेतूनच एकेक गोष्ट काढून घेतली जाते. राखेच्या बुधवारी, मागील वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून केलेली राख कपाळावर लावताना ‘तू माती आहेस आणि मातीस परत जाशील’ हे बायबलमधील उत्पत्तीच्या पुस्तकातील वचन ऐकवले जाते, आणि त्या दिवसापासून ‘आलेलुया’ (देवाची स्तुती करा) हा शब्द गाण्यांतून पूर्णपणे नाहीसा होतो. वेदीवर सहसा फुले नसतात, धर्मगुरूंची वस्त्रे जांभळी होतात. पवित्र गुरुवारी सायंकाळी, शेवटच्या भोजनाच्या स्मरणविधीत पाय धुतले जातात (2016 पासून त्यासाठी स्त्रियांनाही निवडता येते), घंटा वाजतात आणि मग मुक्या होतात. विधी संपल्यावर वेदीवरील वस्त्रेही उतरवली जातात. शुभ शुक्रवारी तर मिस्सा, म्हणजे भाकर व द्राक्षरस अर्पण करण्याची मुख्य उपासनाच, होत नाही. धर्मगुरू मुकाट्याने आत येऊन वेदीपुढे साष्टांग पालथे पडतात, योहानाच्या शुभवर्तमानातील दुःखसहनाचा वृत्तांत वाचला जातो, क्रुसाला वंदन होते, आणि ख्रिस्तप्रसादही आदल्या दिवशी अर्पण केलेल्या भाकरीतूनच दिला जातो.

काढून घेतलेले हे सारे ईस्टरच्या आदल्या शनिवारी रात्री परत मिळते. बाहेर अंधारात नवा अग्नी पेटवतात. पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, मोठ्या मेणबत्तीवर क्रूस, ग्रीक वर्णमालेतील पहिले व शेवटचे अक्षर आणि चालू वर्षाचे आकडे कोरले जातात. तिच्या ज्योतीवरून हातातल्या लहान मेणबत्त्या एकमेकांकडून पेटत जातात. त्यानंतर जुन्या करारातील सात वाचने असतात. अडचण असल्यास ती कमी करता येतात, पण समुद्र दुभंगून इस्राएल लोक पार गेल्याचे निर्गमातील वाचन गाळता येत नाही, कारण त्याच रात्री बाप्तिस्मा घेणाऱ्यांसाठी पाण्यातून सुटकेकडे जाण्याची ती वाट असते. हे वाचन माझ्या वाट्याला आले, त्या प्रत्येक वर्षी माझा आवाज थोडा कापला आहे. थोड्या वेळाने इतक्या आठवड्यांच्या मौनानंतर ‘आलेलुया’ गायला जातो, तेव्हा 40 दिवस तो शब्द का आवरून धरला होता हे कोणी समजावून सांगावे लागत नाही.

ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या, चर्चच्या गणितानुसार ठरलेल्या पौर्णिमेनंतरचा रविवार धरला जातो, म्हणून तो 22 मार्च ते 25 एप्रिल यांदरम्यान येतो. बहुतेक ऑर्थोडॉक्स मंडळ्या जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेची गणना वापरत असल्यामुळे त्यांचा सण अनेकदा नंतर येतो. 2025 मध्ये मात्र दोघांचाही 20 एप्रिललाच होता. या रविवारापासून आनंदाचा काळ पेन्टेकॉस्ट या पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणापर्यंत 50 दिवस चालतो, म्हणजे उपवासापेक्षा दहा दिवस अधिक.

आपल्याला यांपैकी एकच उपासना पाहायची असेल, तर शनिवारची रात्र निवडावी आणि थोडे आधी पोहोचावे, कारण अग्नी चर्चबाहेर पेटतो आणि सर्वांबरोबर अंधारातच आत जायचे असते.