रोज पाऊण तास चालतो, मग वजनं उचलायची गरज आहे का?

तुम्ही लिहिलंय की वय ४९, रोज पाऊण तास चालता, बीपी-शुगर ठीक, पण गुडघे जातील या भीतीने वजनं नकोत. मी ५८ वर्षांची आहे, डॉक्टर नाही. नुसत्या चालण्यावर विसंबून फसले, म्हणून लिहितेय.

चार वर्षांपूर्वी भाचीकडे वास्तुशांतीला पाटावर बसले. उठायची वेळ आली तेव्हा एक हात जमिनीवर, दुसरा ह्यांच्या खांद्यावर. तेव्हा मी रोज पाच किलोमीटर चालत होते! चालण्याने दम टिकतो, वाद नाही. पण पायांवर रोज तेवढाच भार येतो आणि गुडघा कधी पुरता वाकतच नाही. जेवायला टेबल, संडासला कमोड, गप्पांना सोफा. पूर्वी जमिनीवर उठबस करताना जे आपोआप व्हायचं, ते आता ठरवून करावं लागतं.

वयाबरोबर स्नायू घटतात आणि त्यातही झटक्यात जोर लावणारे तंतू जास्त झिजतात. ठेच लागली की सावरायला नेमके तेच लागतात. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम सांगते, त्याशिवाय निदान दोन दिवस ताकदीचा. लोक पहिलं वाक्य वाचतात आणि बूट घालून निघतात.

‘आता काय या वयात’ म्हणू नका. बॉस्टनमध्ये वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम करून घेतला होता. १९९० साली निकाल छापून आला. शेवटपर्यंत टिकलेल्या नऊ जणांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली होती. तुम्ही तर पन्नाशीच्या अलीकडे आहात.

माझी सुरुवात मात्र मूर्खासारखी झाली. पहिल्याच दिवशी उत्साहात पन्नास बैठका मारल्या आणि तीन दिवस जिना उलटा उतरले. मग शहाणपण सुचलं. खुर्चीवर हळू बसायचं, हात न लावता उठायचं, आठ-दहा वेळा. ओट्याला हात टेकून तिरके जोर. ते सोपं झालं की छातीशी पाच किलो पिठाची पिशवी धरून तेच उठणं-बसणं. खिडकीचे गज धरून उकिडवं बसायचं, टाचा टेकल्या नाहीत तर खाली जाड पुस्तक. दात घासताना एका पायावर उभं राहायचं (बेसिन हाताशी असतंच). हे सगळं एक दिवसाआड, वीस मिनिटं.

सूर्यनमस्कार घालत असाल तर सोडू नका. अंग मोकळं राहतं, खांद्यांनाही काम मिळतं. पण त्यात स्वतःकडे ओढायची हालचाल जवळजवळ नाही. तालमीत त्यासाठी दोर चढायचे. घरी निदान भरलेली बादली कमरेत वाकून, पाठ सरळ ठेवून कोपराने वर ओढा.

गुडघ्यांचं म्हणाल तर मांडीचे स्नायू भक्कम झाले की सांध्याला आधारच मिळतो. गुडघा सुजत असेल किंवा अडकत असेल तर मात्र आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा. व्यायामानंतर स्नायू दुखले तर चालतं, सांध्यात कळ आली तर थांबायचं.

गेल्या वर्षीपासून मी गल्लीतल्या जिममध्ये जाते. वीस किलोचा दांडा जमिनीवरून उचलते. ट्रेनर काकू म्हणतो आणि वजन वाढवायला मागे लागतो. गेल्या महिन्यात मंगळागौरीला पंगतीत मांडी घालून जेवले, आणि उठताना हातात रिकामं ताट होतं.